तांदळी गार

आमच्या घरात काडेपेट्या ढिगानं होत्या आणि चूल पेटवायला एकही नव्हती. काड्या मी फेकून देत नसे, इतका उधळा मी नव्हे. त्या एका बरणीत ओतून ठेवलेल्या असत. पण काडी ओढायला पेटीची बाजू लागते, आणि पेट्या सगळ्या माझ्या कपाटात. आत कापूस, कापसावर दगड. माझी बायको शेजारणीच्या चुलीतून खापरीत विस्तव आणायची आणि आणताना गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची, की आमच्याकडच्या काडेपेट्यांत मास्तरांचे पाहुणे निजलेत, त्यांची झोपमोड नको.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत होतो. सिंदी मेघेच्या वाटेवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. दगडांचा नाद भूगोलातून लागला, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे पुस्तकातला खडकांचा धडा माझा मलाच समजेना, म्हणून मी एक दगड उचलून वर्गात नेला, आणि वर्ग पहिल्यांदाच गप्प बसला. त्या शांततेची मला चटक लागली.

आमच्याकडे काळ्या मातीखाली काळा दगड. विहीर खणताना सुरुंग लावला की तो फुटतो आणि त्याच्या पोटातल्या पोकळ्यांतून दुधी, पांढरं, क्वचित हिरवट असं काहीतरी बाहेर पडतं. कुठं काचेसारखी टोकं, कुठं मिठाच्या खड्यांसारखे चौकोन, कुठं नुसत्या बारीक ताठ सुया. बोराहून मोठा तुकडा मी सहसा घेत नसे. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, काडेपेटीत मावत नसे इतकंच. कापूसही फुकटचा. हंगामात सरकी काढायच्या जिनकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे सायकल घेऊन रेंगाळलं की रस्त्यावर सांडलेला हवा तेवढा मिळे.

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. माझी खोड निराळीच होती. दगड मिळून माझं भागत नसे. तो माझ्याआधी कुणाकडे होता, त्याच्याआधी कुणाकडे, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नसे. गिरडच्या टेकडीवर दगडी जायफळं सापडतात. तिथल्या फकीरबाबांनी एका व्यापाऱ्याचा माल दगड करून टाकला, अशी कथा आहे. माझ्याकडच्या जायफळाचा माग काढत मी एका किराणा दुकानापर्यंत पोचलो, आणि तिथून दुकानदाराच्या सुनेपर्यंत. ती नवी नवरी असताना तिनं ते श्रीखंडासाठी किसायला घेतलं होतं आणि सासरची किसणी बोथट करून ठेवली होती. दुसरा एक गुळगुळीत पांढरा गोटा एका बाईनं कोंबडीला फसवायला अंड्यांत ठेवला होता, आणि कोंबडी त्यावर मोठ्या निष्ठेनं बसत असे. ही सगळी हकिगत मी पेटीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहीत असे. मास्तर गोट्याचं गोत्र विचारतो, असं लोक म्हणायचे. मला ती स्तुती वाटायची.

बांगड्या भरायला आमच्याकडे एक कासारीण यायची. सेलूपासून हिंगणीच्या जंगलापर्यंतची गावं तिच्या पायाखालची. एका वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर ती आली, बायकोच्या हातात बांगड्या भरल्या आणि उठता उठता कनवटीची चिंधी सोडून माझ्यापुढे एक गोटा ठेवला. आवळ्याएवढा, लालभडक, हाताला किंचित तेलकट.

"तांदया हाये, मास्तर," ती म्हणाली. "तुमच्याइथं नीट राहीन. एका बुढीनं देल्ला. कोनाचा, काऊन, ते मात्र विचारू नका."

मी नाही विचारलं. मी विचारलं, की मावशी, टोपलीतली सीताफळं मोठी छान दिसतात, कुठल्या गावची? तिनं सरळपणानं गावाचं नाव सांगितलं, हिंगणीच्या थोडं अलीकडचं, आणि वर दोन सीताफळं काढून माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली. गोड होती. हेही आता सांगताना बरं वाटत नाही.

तिनं माझं कपाट पाहिलेलं होतं. दगडांना कापसाच्या गाद्या घालणारा दुसरा माणूस तिच्या पाहण्यात नसावा. त्यावरून तिनं माझ्याविषयी जो ग्रह करून घेतला, त्यात तिची चूक म्हणता येणार नाही. चूक माझ्यात होती.

आता तो शब्द. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, तांदूळ तो तांदूय. मी मराठीचा मास्तर. पोरांच्या तोंडचे य पकडून त्यांचे ळ करायचे, ही माझी रोजीरोटी. कासारीण तांदया म्हणाल्याबरोबर मी मनातल्या मनात तांबडी शाई काढली आणि दुरुस्ती केली: तांदळ्या, म्हणजे तांदळासारखा दिसणारा. नुसता य काढून तिथं ळ ठेवला असता तर काय होतं, हे थांबून पाहिलं नाही. तांदळा हा शब्द मला काही नवा नव्हता. माहूरची देवी तांदळा आहे, हे मी स्वतः वर्गात सांगितलं होतं. तांदळा म्हणजे न घडवलेला दगड, हात नाहीत, पाय नाहीत, शेंदूर लावलेला गोटा तोच देवी. पण तो शब्द मराठीच्या तासाचा. हा दगड माझ्याकडे भूगोलाच्या तासाला आला होता.

तेव्हा मी पुढं काय केलं ते ओघानंच आलं. लाल थर पाहून मी लिहिलं, 'लोहाचा अंश'. तो चाकूनं खरवडला. थराखाली थर निघत होते, खालचे जास्त काळपट, आणि मी प्रत्येक थराला निसर्गाची हजारो वर्षं बहाल करत होतो. प्रत्यक्षात तिथं कुणाच्या तरी आज्या-पणज्यांच्या दिवाळ्या होत्या. खरवडलेली भुकटी मी पुडीत बांधून ठेवली, कारण मी पद्धतशीर माणूस. मग गोटा राखेनं घासला, कढत पाण्यातून काढला. आतून दुधी गार, म्हणजे गारगोटी, निघाली, आणि तिच्या एका अंगाला बोटाचं टोक बसेल एवढी खळगी. त्या खळगीत बारीक पांढरे लांबट स्फटिक, अगदी तांदळाच्या कण्या. माझी दुरुस्ती बरोबर ठरली होती. शहाण्या माणसाचं नशीब असं असतं. त्याच्या चुकीला निसर्ग पुरावे पुरवतो.

हातोडीनं एक टवका उडवून तो मी शाळेच्या प्रयोगशाळेत तेजाबात टाकून पाहिला. काही झालं नाही. धुताना टवका हातातून निसटला आणि मोरीत गेला.

नाव ठेवलं तांदळी गार. काडेपेटीत ती मावेना, म्हणून बायकोचा लाकडी करंडा मागितला. तिनं करंड्यातलं कुंकू कागदात काढलं, करंडा माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, "घ्या. उद्या माहं डोकं बी मागान, कापूस भराले." तिचं माहेर देवळीचं. रागाला आली की ती शाळेतली सगळी मराठी बाजूला ठेवायची, आणि मीही अशा वेळी ळ दुरुस्त करायला जात नसे.

त्यानंतरच्या एका रविवारी मी सायकल मोटारीच्या टपावर टाकून सेलूला गेलो आणि तिथून पायडल मारत त्या सीताफळांच्या गावी. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: तांदळी गार कुठल्या विहिरीत किंवा नाल्यात सापडते ते, आणि ती पहिली मालकीण कोण ते. कासारीण गावात आली की कुठल्या बुढीकडे थांबते, एवढं विचारल्यावर लोकांनी गावाच्या कडेची वस्ती दाखवली.

वस्तीत शिरताना नव्यानं चुना मारलेली एक खोली होती. नागपूरच्या त्या दसऱ्याला दीक्षा घेऊन आल्यापासून इथल्या माणसांनी जुने देव सोडले होते आणि या खोलीत ते संध्याकाळी लिहा-वाचायला बसत. हे मला तिथं पोचल्यावर समजलं. शिकवणारा त्यांच्यातलाच, तिशी-पस्तिशीचा. दिवसा मालकाची गाडी हाकायचा. अक्षरं त्याला स्वतःला मोठेपणी आली होती. वर्ध्याचे गुरुजी आले म्हटल्यावर तो धावत आला. त्याला वाटलं, मी त्यांची शाळा पाहायला आलोय. होती नव्हती ती एकुलती खुर्ची ओट्यावर आली, माणसं जमली, चहा आला. फळ्यावर त्यानं सुरेख वळणाचं एक वाक्य लिहिलेलं होतं, ते मला वाचून दाखवलं. मी 'वा' म्हणालो आणि पिशवीतून करंडा काढला.

मी चांगला बोलतो. त्या दिवशी तर जास्तच चांगला बोललो. दगड तळहातावर धरून त्या खळगीतले स्फटिक मी सगळ्यांना दाखवले, आणि सांगितलं की ही तुमच्या गावची तांदळी गार, इथल्याच एका आजीनं कासारणीला दिली.

एक म्हातारा ओट्याच्या टोकाला उकिडवा बसला होता. "तांदया?" त्यानं विचारलं.

"तांदया नव्हे," मी म्हणालो, "तांदळ्या. ळ म्हणा, ळ."

कुणी ळ म्हटलं नाही. अजूनही सगळं सावरता आलं असतं. पांढराफेक झालेला तो गोटा कुणालाच ओळखू येत नव्हता. माझ्या चाकूनं केलेलं तेवढं एक पुण्यकर्म. पण मी पद्धतशीर माणूस. यावर लोहाचा लाल थर होता, तोही मी जपून ठेवलाय, असं म्हणत मी पुडी काढली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती उघडली, नाकाशी नेली आणि माझ्या खुर्चीच्या पायाशी ठेवून दिली.

"शेंदूर हाये," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता शाळेतल्या त्या मास्तराकडे पाहून: "कोन्या घरचा देव नदीतून पोहून आला रे बाप्पा?"

दोघेतिघे हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. त्या क्षणाला माझ्या डोक्यात य च्या जागी ळ बसला. करंडा मांडीवर होता, चहाचा कप हातात होता, आणि उठून पळून जावं तर खुर्ची ओट्याच्या मधोमध.

घडलं होतं ते मला नंतर नीट कळलं, पण ओट्यावर तेव्हाच ते सगळ्यांना कळत होतं. बोर नदीत देव सोडायला वस्तीतून पहिल्यांदा गेला तो हा मास्तरच. आधी माझ्या घरचे, मग तुमचे, असं म्हणून त्यानं आईच्या हातचं गाठोडं नदीत टाकलं, आणि त्याचं पाहून बाकीच्यांनी टाकलं. ज्या गोष्टीवर त्या माणसाचा शब्द उभा होता, ती मी करंड्यात घालून त्याच्याच शाळेसमोर आणली होती. आणि कासारीण थांबायची ती त्याच्याच घरी.

त्यानं हाक मारली. त्याची आई चुलीपुढून उठून आली. हात पिठाचे होते, ते तिनं लुगड्याला पुसले. हातांत बांगडी नव्हती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली असावीत. लेकानं दगड माझ्याकडून मागून घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"माय, हा आपला हाय का?"

तिनं गोटा हातात घेतला. तिचे डोळे अधू झाले होते, तिनं पाहायचा फारसा प्रयत्नही केला नाही. पण अंगठा सरळ त्या खळगीत जाऊन बसला. मला ती खळगी शेंदूर काढल्यावर दिसली होती. तिच्या अंगठ्याला ती शेंदराखालूनही ठाऊक होती. मग अंगठा फिरत फिरत माझ्या हातोडीनं उडवलेल्या जागी आला आणि थांबला.

"आपला नाई," ती म्हणाली. "आपला लाल व्हता. म्या सोताच्या हातानं तुह्या गाठोड्यात बांधला."

लेकानं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. त्यानं गोटा तिच्या हातातून काढून मला परत दिला आणि ओट्याकडे वळून म्हणाला, माय नाही म्हणते. म्हातारा मान हलवत राहिला, पण बाकीची माणसं मोकळी झाली, आणि त्यांनी माझा समाचार घेतला. एकानं विचारलं, "मास्तर, गोटा घेऊन गावोगाव फिरून राह्यले, त्याच्यासाठी पोरगी पाहून राह्यले का?" दुसरा म्हणाला, की पोरगी मिळेल, पण मास्तरांनी मुलाला फारच घासलंय, रंग उडाला. आता ते चांगलं हसत होते. मी त्यांच्याबरोबर हसलो. तेवढंच माझ्याकडून त्या घराला देण्यासारखं होतं.

म्हातारी तोवर आत गेली होती.

लेक मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. सायकल त्यानं माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ढकलत चालला, म्हणून मला चालता चालता तोंड लपवायलाही काही उरलं नाही. वस्ती मागं पडल्यावर तो बोलला. गाठोडं तिनं बांधून दिलं, त्यानं उघडून पाहिलं नाही. आईवर भरवसा होता म्हणून पाहिलं नाही की भीती वाटली म्हणून, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. देव त्याला नको होते, आजही नकोत; त्यांनी त्याच्या घराला काय दिलं होतं, ते मला सांगायची गरज नाही, असं तो म्हणाला. त्यानं सोड म्हटलं ते सगळं आईनं सोडलं होतं.

"एक गोटा राह्यला असन तं राह्यला असन," तो म्हणाला. "तिच्या मायनं लग्नात ओटीत घालून देल्ला व्हता तिले. देव नसन, मायचा गोटा असन. घरात आमी समजून घेतलं असतं. तिले खोटं बोलाची आदत नाई, मास्तर. चार लोकायत ते तिले तुमच्यापायी बोला लागलं."

मी करंडा पुढं केला. त्यानं दोन्ही हात सायकलच्या मुठीवर आणखी घट्ट धरले.

"माय नाई म्हणली ना," तो म्हणाला. आणि मग, रागानं नव्हे, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं: "तुमी काऊन विचारत फिरता हो, गुरुजी?"

वर्गात मला कुणी अडचणीचा प्रश्न विचारला, की मी म्हणायचो, उद्या सांगतो. त्यालाही मी तेच म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आधी करंड्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. देवी तिच्या कुंकवाच्या जागी येऊन राहिली होती आणि तिला पत्ता नव्हता, याचं तिला जास्त वाटलं की मी देवीला चाकूनं सोललं याचं, हे मला सांगता येणार नाही. "शेंदूर ओयखू नाई आला तुमाले?" ती म्हणाली. "लग्नात माह्या कपायाले काय लावलं व्हतं? कुंकू, का लोहाचा अंश?"

पूजा तिनं केली नाही. ती आपली नाही, ज्यांची आहे त्यांनी सोडली, आपण मध्ये हात घालायचा नाही, असं तिचं म्हणणं. करंडा तेवढा कपाटातून काढून तिनं आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवला.

कासारीण यायची बंद झाली. बायको दुसऱ्या कुणाकडून बांगड्या भरून घेईना. मी बाजारातून नेऊन आणतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही कुठं घेऊन जायचं नाव काढू नका. भांडी घासताना, पाणी ओढताना बांगड्या फुटत गेल्या. घरात मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसलो असलो, तरी स्वयंपाकघरात ती काय करतेय ते मला बांगड्यांवरून कळायचं. तो आवाज कमी कमी होत गेला. शेवटी दोन्ही हातांत एकेक उरली, आणि एकटी बांगडी वाजत नाही. माझी सगळी फजिती मी मित्रांना रंगवून सांगत असे, पोरगी पाहण्याचा विनोद तर मीच जास्त पसरवला. पण घरी आलं की ती शांतता असायची. वर्गातल्या शांततेची चटक असलेल्या माणसाला हे बरोबरच मिळालं.

कपाशीची शेवटची वेचणी होऊन गाड्या वर्ध्याला येऊ लागल्या, तेव्हा एका दुपारी कासारीण दारात उभी राहिली. माझ्याशी बोलली नाही. बायकोला म्हणाली, बाई, हात दाखवा. हातांतली ती दोन एकटी कांकणं पाहून तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. तिच्या मागं, रस्त्याच्या उन्हातून सावलीत आल्यामुळे डोळे मिचकावत, ती म्हातारी. बाहेर कापूस रिकामा केलेली गाडी उभी होती आणि लेक बैलांना पाणी दाखवत होता. तो आत आला नाही.

म्हातारी व्हरांड्यात बसली, पाणी प्याली. सुनेला बांगड्या घ्यायच्यात म्हणाली, कासारणीनं ओझं सोडायच्या आधीच. मग मला म्हणाली, "तुमच्यापाशी लय गोटे हायेत म्हणे, मास्तर. दाखवा तं."

मी पेट्या आणल्या. एकेक उघडून तिच्या हातात देत गेलो. ती डोळ्यांजवळ नेई, मग बोटांनी चाचपी आणि विचारी, "हा कोनाचा?" मी सांगे. जायफळाची सून ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली. कोंबडीच्या गोट्यावर तिनं बारकाईनं चौकशी केली, की कोंबडीला शेवटी कळलं की नाही. इतक्या मनापासून माझं कपाट कुणीच पाहिलं नव्हतं. मी पेट्या संपू नयेत म्हणून सावकाश उघडत होतो, कारण संपल्यावर काय येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बायको उठली, पेटीतून करंडा काढून तिनं म्हातारीच्या मांडीवर ठेवला, आणि पुन्हा कासारणीपुढे हात करून बसली.

म्हातारीनं झाकण काढलं. अंगठा गेला जागेवर. बांगड्या भरायचा आवाज तेवढा येत होता.

"आन हा कोनाचा?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, आजी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग अंगठा त्या फुटक्या जागी आला. "इथला टवका?"

हे मात्र मला माहीत होतं. मी सांगितलं, की तेजाबात टाकून पाहिला. बुडबुडे येतात की नाही ते पाहायचं असतं.

"मंग? आले?"

"नाही आले."

"येतीन कसे," ती म्हणाली. "लय चिवट हाय ती." मग बाहेर गाडीकडे बघत: "तो. गोटा."

टवका आता कुठं आहे, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला मोरी दाखवावी लागली असती. कधी तरी विचारील म्हणून मी पुढं कितीतरी दिवस उत्तर जुळवत होतो, आणि ते कुठल्याही शब्दांत बरं दिसत नव्हतं.

बायकोच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या भरून होईस्तोवर म्हातारी तो गोटा तशीच धरून बसली. मग करंड्यात ठेवला, भोवतीचा कापूस नीट केला, झाकण लावलं. उठताना म्हणाली, "आता धू नका त्याले." नाही धुणार, मी म्हणालो.

लेक रस्त्याच्या कडेलाच उभा होता. "झालं का माय, बांगड्याचं?" त्यानं विचारलं.

"सुनेचं मापच आनाले विसरली," ती म्हणाली.

त्यानं जू सारखं केल्यासारखं केलं. माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मागितलं नाही. "मंग पुढच्या खेपेले आनजो," तो आईला म्हणाला, आणि तिला हात देऊन गाडीत बसवलं.

पुढच्या खेपेलाही ती माप विसरली. त्याच्या पुढच्याही. इतक्या वेळा विसरलं गेलेलं माप माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाच्या सुनेचं नाही. तिनं यावं, सगळ्या पेट्या पुन्हा पहिल्यापासून पाहाव्या, कोंबडीचं विचारावं आणि शेवटी करंडा मांडीवर घ्यावा. दर वेळी ती विचारायची, हा कोनाचा, आणि दर वेळी मी म्हणायचो, माहीत नाही. त्या एका उत्तरासाठी मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्याच दगडाच्या मालकाचा माग काढायला घेतली नव्हती.

आणि एक राहिलं. ती शेंदराची पुडी म्हाताऱ्यानं ओट्यावर माझ्या खुर्चीच्या पायाशी ठेवली होती, ती मला परत मिळाली नाही. घरी येऊन पिशवी झटकली तेव्हा लक्षात आलं. ती कुणी उचलली, हे मी आजपर्यंत शोधलेलं नाही.